वस्ताद हरिश्चंद्रमामा बिराजदार



आमचे मानवत हे परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. कापसाचा बाजार म्हणून त्याचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. सुगी संपली, कापूस घरचा बाजारात गेला, की आमच्या पंचक्रोशीत जत्रा सुरू होतात. आणि जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. हलगी कडाडू लागते, माणसे गोल धरून बसतात. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग नारळावरच्या, मग रुपयांवरच्या. दिवस कलतीला आला, की शेवटची मोठी जोड सुटते. ही चाल तुमच्याही गावाला असेल.

आता मला तुम्हांला एक विचारायचे आहे. रेवड्यांच्या कुस्तीत एखादे आठ-दहा वर्षांचे पोर चटकन समोरच्याला चीत करते. लोक टाळ्या वाजवतात, कुणी त्याला खांद्यावर घेतो, कुणी फेट्याचा शेव काढून त्याच्या अंगावरची माती पुसतो. पुढे त्या पोराचे काय होते? पुढच्या वर्षी ते पुन्हा येते. आणखी दोन वर्षे येते. मग एके वर्षी येत नाही. कुठे गेले म्हणून विचारावे, तर कळते, की बापाबरोबर औताला लागले, नाहीतर ऊस तोडायला गेले. अंगात कस होता, पण कस ओळखणारा आणि हात धरणारा कुणी भेटला नाही.

ज्याला असा कुणी भेटला आणि जो पुढे स्वतःच दुसऱ्यांचे हात धरणारा झाला, अशा आपल्या मराठवाड्यातल्या एका थोर मल्लाची आज आपण आठवण करणार आहोत. त्यांचे नाव हरिश्चंद्र माधवराव बिराजदार. कुस्तीच्या जगात त्यांना सगळे 'मामा' म्हणत. १४ सप्टेंबर २०११ रोजी ते गेले. जाण्याला आता बरीच वर्षे झाली. तरीही आज त्यांच्याबद्दल बोलावेसे वाटते, त्याला कारण आहे. मल्लाचे मोठेपण त्याच्या हयातीत दिसते, पण वस्तादाचे मोठेपण कळायला तो गेल्यावर काही वर्षे जावी लागतात. ते कसे, ते पुढे सांगतो.

मानवतहून परभणी, गंगाखेड, लातूर करीत दक्षिणेला गेले, की निलंगा तालुका लागतो. पलीकडे कर्नाटकाची हद्द. या तालुक्यात रामलिंग मुदगड नावाचे गाव आहे. तेच मामांचे गाव. त्यांचा जन्म १९५० सालचा. म्हणजे निजामाची राजवट जाऊन दोनच वर्षे झाली होती. लातूर हा तेव्हा जिल्हा नव्हता. तो १९८२ साली झाला. निलंगा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात मोडत होता. मराठी मुलूख एक होऊन महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा मामा दहा वर्षांचे होते.

मंडळी, कुस्तीला दोन गोष्टी लागतात. एक अंगमेहनत आणि दुसरा आश्रय. मेहनतीला आपला शेतकरी कधी कमी पडला नाही. आश्रयाचे मात्र तसे नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना घरच्यासारखे सांभाळले. रोममधले मैदान पाहून आल्यावर त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधवले. पेठेपेठेला तालीम, तालमीला वस्ताद, आणि पैलवानाला दूध-तुपाची सोय. म्हणून देशभरची मुले वळकटी काखेत मारून कोल्हापूरची वाट धरीत. आपल्या मराठवाड्यात मारुतीच्या देवळाशेजारी हौद असे, दोन मुद्गल असत, एखादा जुना जाणता माणूसही असे. पण पैलवानाला वर्षानुवर्षे पोसणारी कोल्हापूरसारखी व्यवस्था नव्हती. हरिश्चंद्र बिराजदार या तरुणानेही कोल्हापूर गाठले आणि तिथल्या मातीत आपले अंग घडवले.

पुढची हकिकत भराभर सांगण्यासारखी आहे, कारण ती घडलीच भराभर. 'महाराष्ट्र केसरी'ची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. तिचा पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला, आणि ती पहिली स्पर्धा भरली होती आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. नंतर धुळे, अमरावती, नाशिक असे करीत १९६९ साली स्पर्धा लातूरला आली. त्या लातूरच्या आखाड्यात, घरच्या माणसांच्या देखत, हरिश्चंद्र बिराजदार 'महाराष्ट्र केसरी' झाले. वय किती? एकोणीस. आपल्याकडे या वयाची मुले कॉलेजात नुकती गेलेली असतात.

दुसऱ्याच वर्षी, १९७० साली, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरी राष्ट्रकुलाचे खेळ भरले. तिथे भारताच्या मल्लांनी सोन्याची लूट केली, आणि त्या सुवर्णपदकांपैकी एक होते रामलिंग मुदगडच्या या पोराचे. विचार करून बघा. निलंगा तालुक्यातले खेडे कुठे, आणि एडिंबरा कुठे! पुढे त्यांनी 'रुस्तम-ए-हिंद' हा किताबही मिळवला.

पण आमच्याकडची जुनी माणसे मामांचे नाव निघाले की पदकाची गोष्ट सांगत नाहीत. ती बेळगावची कुस्ती सांगतात. दिल्लीचे सतपाल हे गुरू हनुमान यांचे पट्टशिष्य. उंचापुरा, ताकदीचा, चपळ गडी. महाराष्ट्रात येऊन एकामागून एक मल्लांना ते लोळवीत होते. इकडच्या कुस्तीशौकिनांच्या जिवाला ते लागले होते. अशा सतपालना १९७७ साली बेळगावच्या मैदानात मामांनी अस्मान दाखवले. त्या दिवसापासून मामांचे नाव घरोघर झाले. आणि गंमत बघा, सतपालही पुढे दिल्लीत नामांकित वस्ताद झाले, त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. समोरासमोर शड्डू ठोकणारे हे दोघे मल्ल, पुढे दोघांनीही आपली विद्या पोरांच्या हाती दिली.

इथपर्यंत एका पैलवानाची गोष्ट झाली. अशा गोष्टी आणखीही आहेत. आता जो भाग मला खरा महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळू.

पैलवानाचे वय फार थोडे. तिशी उलटली, की गुडघा बोलू लागतो, दम लवकर भरतो. मग करायचे काय? पुष्कळ नामांकित मल्ल गावी परतले आणि गदा कपाटात ठेवून शेतीला लागले. कुणी जत्रेत पंच म्हणून फेटा बांधून बसले. काहींचे तर हाल झाले. हेलसिंकीला १९५२ साली स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. मल्लाला आपण मैदानात डोक्यावर घेतो आणि मैदान उठले की विसरतो, हा आपला जुना दोष आहे.

मामांनी वस्तादकीची वाट धरली. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते मुलांना शिकवू लागले. लातूर, बीड, उस्मानाबाद, सोलापूर या भागांतल्या मुलांना पुण्यात हक्काचे असे एक ठिकाण झाले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वस्ताद म्हणजे काय, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. पण शाळेचा गुरुजी आणि तालमीचा वस्ताद यांत एक फरक आहे. आपली शाळा साडेदहाला भरते आणि पाचला सुटते. वस्तादाची शाळा सुटतच नाही. पहाटे चारला तो पोरांना उठवतो. आधी माती खणायची. ही माती साधी नसते. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखावी लागते, म्हणजे पोर आपटले तरी इजा होत नाही आणि कातडीला रोग होत नाही. मग जोर, मग बैठका. मग जोडी लावून लढत. कुणाची जोड कुणाशी लावायची, हे ठरवणे ही वस्तादाची मोठी कसोटी. बरोबरीच्याशी सतत लावली तर पोर वाढत नाही. फार वरच्याशी लावली तर त्याचे मन मोडते. दुपारी कोण किती जेवला, कुणी दूध घेतले, कुणाच्या घरून पैसे आले नाहीत म्हणून कोण अर्धपोटी आहे, हे त्याने बघायचे. संध्याकाळी पुन्हा मेहनत. रात्री दिवा मालवला, की कोण चोरून सिनेमाला गेला, हेही त्यानेच बघायचे. आईची माया आणि फौजदाराची जरब एकाच अंगात असावी लागते. उगाच नाही पोरे वस्तादाला 'मामा' म्हणत. मामा म्हणजे आईचा भाऊ. घर सोडून आलेल्या मुलाला परक्या शहरात आईकडचे माणूस भेटले, असा त्या शब्दाचा अर्थ.

यात आणखी एक अडचण होती. आपली कुस्ती मातीतली, आणि जगाची कुस्ती गादीवरची. गावच्या मैदानात कुस्ती निकाली असते. समोरच्याची पाठ मातीला लागेपर्यंत ती चालते. मग अर्धा तास लागो की तास. गादीवरचा हिशेब वेगळा. तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, आणि दर पकडीला गुण. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीतला मल्ल समोरच्याला दमवतो आणि संधीची वाट पाहतो. गादीवर वाट पाहत बसला, तर घड्याळच त्याला हरवते. म्हणून कितीतरी नामी मल्ल गादीवर गेले की बावरून जात.

पण डाव काही निराळे नाहीत, हे लक्षात ठेवा. एकेरी पट, दुहेरी पट, भारंदाज, ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड हे सगळे मातीत शिकलेले डाव गादीवरही चालतात. फक्त त्यांना वेग द्यावा लागतो. ज्या वस्तादाने स्वतः लातूरच्या आखाड्यातही बाजी मारली होती आणि एडिंबऱ्यातही, त्याला हे पुस्तक वाचून शिकावे लागले नाही. त्याच्या अंगानेच ते शिकले होते. मामांसारखा वस्ताद मिळणे हे त्या मुलांचे भाग्य होते, ते यामुळे.

याचे फळ काय मिळाले? दोन नावे सांगतो, दोन्ही आपल्या मराठवाड्यातली.

पहिले नाव काका पवार. लातूर जिल्ह्यातलेच. मामांच्या हाताखाली तयार झाले, देशातर्फे लढले, आणि १९९८ सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. पुढे तेही वस्ताद झाले. पुण्यात कात्रजजवळ त्यांनी मुलांसाठी कुस्तीचे संकुल उभे केले.

दुसरे नाव राहुल आवारे. हा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. बापही पैलवान, पहिले धडे घरीच मिळाले. मग हे पोर पुण्याला मामांच्या तालमीत आले. मामांनी त्याला वाढवले, पण त्याचे मोठे यश बघायला ते राहिले नाहीत. २०११ साली मामा गेले. तुम्ही कल्पना करा, ऐन उमेदीतल्या पैलवानाचा वस्ताद जातो, तेव्हा त्याचे काय होत असेल. डावात अडकले की बघायचे कुणाच्या तोंडाकडे? पण मामांनी मागे काका पवार ठेवले होते. राहुल त्यांच्याकडे गेला. एका दिव्यावर लावलेला दुसरा दिवा होता, म्हणून अंधार झाला नाही.

आणि मग १२ एप्रिल २०१८ हा दिवस आला. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्ट शहरी राष्ट्रकुलाचे खेळ चालू होते. ५७ किलो वजनाच्या गटात राहुल आवारेने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५ विरुद्ध ७ गुणांनी हरवून सुवर्णपदक जिंकले. आणि ते पदक त्याने कुणाला वाहिले? आपल्या दिवंगत गुरूंना, हरिश्चंद्रमामांना.

एडिंबऱ्याचे पदक १९७० सालचे आणि गोल्ड कोस्टचे २०१८ सालचे. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे गेली. पदके दोन, स्पर्धा तीच, आणि दोन्ही पदकांच्या मागे हात एकच. वस्तादाचे मोठेपण कळायला वेळ लागतो, असे मी सुरुवातीला म्हणालो, ते याच अर्थाने. मामा जाऊन सहा-साडेसहा वर्षे झाली होती, आणि त्यांनी शिकवलेली पकड तिकडे समुद्रापलीकडे कुणाचा तरी पाय धरून गुण मिळवीत होती. दुसऱ्या वर्षी, २०१९ साली, कझाकस्तानात झालेल्या जागतिक स्पर्धेत राहुलने ६१ किलो गटात कांस्यपदकही मिळवले, आणि २०२० साली तोही अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला.

ही साखळी इथेही थांबली नाही. जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळ बालेवाडीला 'महाराष्ट्र केसरी'ची शेवटची कुस्ती लागली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीत रोज एकमेकांशी झुंजणारे. वस्तादाने कुणाच्या बाजूने उभे राहायचे? हर्षवर्धनने थोड्या गुणांनी बाजी मारली. आणि जिंकल्यावर त्याने काय केले, तर हरलेल्या शैलेशलाच उचलून खांद्यावर घेतले. जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतलेले आपण नेहमी बघतो. इथे जिंकणारा हरणाऱ्याला घेऊन नाचला. हे डावपेचात शिकवता येत नाही. हे तालमीच्या वळणातून येते. हे दोघे मामांच्या शिष्याचे शिष्य, म्हणजे नात्याने मामांचे नातूच.

सरकारनेही मामांच्या कामाची दखल घेतली. मैदान सोडल्यावरही खेळाची सेवा करीत राहिलेल्या खेळाडूंना केंद्र सरकार तेव्हा ध्यानचंद पुरस्कार देत असे. २००६ साली तो मामांना मिळाला.

श्रोतेहो, मोठ्या माणसाची आठवण म्हणजे फोटोला हार घालणे एवढेच नव्हे. मामांची आठवण ठेवायची, तर आपल्याला गावात काय करता येईल, हे आता थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट हौदाची. पुष्कळ गावांत मारुतीच्या मागचा हौद बुजला आहे. कुठे त्यात कडबा रचला आहे, कुठे सिमेंटची गोदामे झाली आहेत. तो मोकळा करा. त्याला फार पैसा लागत नाही. चार ट्रॉल्या माती, वर पत्रा, आणि संध्याकाळी तासभर येऊन बसणारा एक जुना पैलवान. गावात असा माणूस असतोच; त्याला कुणी विचारलेले नसते, एवढेच. त्याला मानाने बोलावून आणा.

दुसरी गोष्ट खुराकाची. पैलवानकी मोडते ती बहुधा अंगाने मोडत नाही, खिशाने मोडते. दूध, तूप, बदाम हे शेतमजुराच्या घरी रोज कुठून येणार? जत्रेच्या वर्गणीतून शेवटच्या कुस्तीला आपण मोठी इनामे लावतो, आणि बाहेरगावचा मल्ल ती घेऊन जातो. ते जरूर करावे, त्याने मैदानाची शोभा वाढते. पण त्याच वर्गणीतला थोडा भाग बाजूला ठेवून गावातल्या दोन होतकरू मुलांना वर्षभर शेर शेर दूध लावून दिले, तर ती वर्गणी खऱ्या अर्थाने देवाला पावली असे मी म्हणेन. आणि एक इशारा. लवकर अंग भरावे म्हणून हल्ली पोरे सुया टोचून घेतात, कसल्या कसल्या पुड्या खातात. आईबापांनो, त्याला साफ नाही म्हणा. फुगवलेले अंग आणि कमावलेले अंग यांतला फरक पहिल्याच कुस्तीत कळतो, आणि नुकसान जन्माचे होते.

तिसरी गोष्ट शाळेची, आणि ती शिक्षकांना सांगायची आहे. १५ जानेवारी हा खाशाबा जाधवांचा जन्मदिवस आपल्या राज्यात क्रीडादिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुलांना खाशाबांची गोष्ट सांगाच. पण तिला जोडून हरिश्चंद्रमामांचीही सांगा. मराठवाड्यातल्या मुलाला वाटत असते, की हे सगळे कोल्हापूर, सातारा, सांगलीकडचे काम. आपल्याकडे काय आहे? त्याला सांगा, की निलंग्याच्या खेड्यातून, लातूरच्या आडगावातून, पाटोद्याच्या माळावरून ही माणसे गेली. नकाशा काढून दाखवा. मानवतहून ही गावे फार लांब नाहीत. आणि हे फक्त मुलांना सांगू नका, मुलींनाही सांगा. मुलींचीही 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा २०२३ साली सांगलीत सुरू झाली, आणि प्रतीक्षा बागडी या मुलीने तिचा पहिला मान मिळवला. तेव्हा जत्रेत पोरींच्या कुस्त्या लागल्या, तर जुन्या माणसांनी नाक मुरडू नये.

आणि शेवटची गोष्ट. गुरुजी, तुमच्या वर्गात एखादे पोर असेल, पाढ्यांत कच्चे, पण मधल्या सुट्टीत सगळ्यांना उचलून टाकणारे. त्याला दांडगट म्हणून बाकावर उभे करू नका. त्याच्या बापाला बोलावून घ्या. जवळच्या तालमीचा पत्ता द्या. एखाद्या रविवारी स्वतः त्याला घेऊन जा. तुम्हाला डाव आले नाहीत तरी चालेल. वस्तादापर्यंत पोर पोचवणे हेही वस्तादाचेच काम आहे. मामांच्या हाती जी पोरे आली, ती कुणीतरी हात धरून आणली म्हणूनच आली ना!

यंदा जत्रेत रेवड्यांच्या कुस्त्या लागतील, तेव्हा जिंकणाऱ्या पोराचे नाव विचारून घ्या, आणि पुढच्या वर्षी ते आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करा. मामांना एवढी आदरांजली पुरे आहे.